अकरा गुंठे

महानंदा अक्कांना काही विचारलं की उत्तर मिळायचं नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. कलबुर्गीकडून बदली होऊन मी त्या गावात आले होते. निर्ण्याच्या अलीकडचं गाव, चिटगुप्प्याच्या रस्त्यावर. सरकारी मराठी शाळा, पाचवीपर्यंतची, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मी कन्नड शिकवायला. बसमधून उतरून, पिशवी सांभाळत शाळेत पोचले तर व्हरांड्यात एक ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई पदर खोचून ओणवी झाली होती आणि पाच-सहा पोरं तिच्याभोवती उकिडवी बसली होती. फरशीवर खडूनं काहीतरी वाकडंतिकडं काढलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बसस्टँडपासून शाळा किती लांब असेल हो?"

मान वर न करता बाई म्हणाली, "आता चालतच आलीस न्हव? मग मोजलं न्हाईस कामून?"

दुसऱ्या दिवशी मी खरंच पावलं मोजत आले. आठशे चाळीस. मोठ्या ऐटीत सांगितलं. अक्का म्हणाल्या, "तुझी का माझी?" पोरं फिदीफिदी हसली. मी चिडले होते. त्या वेळी मला अजून चिडता येत होतं.

मला राहायला खोली अक्कांनीच दिली, त्यांच्याच घरातली पुढची. त्यांचे यजमान शरणप्पा, सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. अडीच एकर रान, दोन म्हशी, घरात मुलगा-सून, बोलायला मोकळा माणूस. धाकटा भाऊ मल्लप्पा दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. त्याचंही रान अण्णांच्या रानाला लागूनच, मधे एक बांध. दोघा भावांचं चांगलं होतं. सणावाराला इकडची परात तिकडं जायची आणि तिकडची इकडं यायची. मल्लप्पाची मुलगी भाग्यश्री पुढं आमच्याच शाळेत आली. ती अक्कांना शाळेत 'बाई' म्हणायची आणि फाटकाबाहेर पडली की 'मोठी माय'. ही फाटकाची शिस्त अक्कांनीच लावलेली.

अक्का भूमिती शिकवायच्या, पण भूमिती हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूतीची तीन बोटं, आणि मग खांद्याला एक मळकी पिशवी. पिशवीत तेहतीस फुटांची सुती दोरी, चार खुंट्या, मूठभर चिंचोके, आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत खडूचे तुकडे. दोरी तेहतीस फुटांचीच कामून, असं मी विचारलं नाही, शहाणी झाले होते. नंतर पोरांकडून कळलं. चारी बाजूंनी ती दोरी लावली की आत एक गुंठा बसतो. शेतकऱ्याच्या पोराला चौरस सेंटिमीटर कळत नाही, गुंठा कळतो.

आठवड्याला एक पेच, अशी त्यांची रीत. धडा नाही, पेच. आणि तो गावातलाच. एकदा शिपायाची म्हैस शाळेच्या आवारात यायला लागली. वर्गात येऊन अक्का म्हणाल्या, "म्हशीला त्या खांबाला बांधलंय. दावं दहा हात. आपली मेथी वाचंल का?" पोरं पळाली. एकानं खांब धरला, एकानं दोरी धरली, एक जाडा पोरगा हौसेनं म्हैस झाला आणि गोल फिरत खडीच्या जमिनीवर काठीनं रेघ ओढत गेला. वर्तुळ कसं होतं हे दुसरीच्या पोरांना त्या जाड्यानं शिकवलं. मग अक्कांनी विचारलं, "आन् खांबाच्या ऐवजी शाळंच्या कोपऱ्याला बांधली तर?" ह्यावर दोन दिवस भांडणं झाली. दावं भिंतीला अडतं, पूर्ण गोल होत नाही, मग किती होतो? तोवर खऱ्या म्हशीनं मेथीचा एक वाफा साफ केला. मी म्हटलं, अक्का, म्हैस सोडून द्या तरी. त्या म्हणाल्या, "लेकरांचं उत्तर निघायचंय अजून." मी म्हटलं, म्हशीनं काढलं की. त्या हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात थोडे फाकलेले होते, त्यामुळं हसताना त्या वर्गातल्या पोरासारख्याच दिसायच्या.

एकदा तालुक्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी तिसरीच्या पोराला विचारलं, चौरस म्हणजे काय? पोराचं पाठ केलेलं काहीच नव्हतं. साहेबांनी मग फळ्यावर चौरस काढला, पण टोकावर उभा केलेला, आणि म्हणाले, "हा चौरस आहे का?" नाही म्हणेल म्हणून त्यांनी डाव टाकला असावा. पोरगं फळ्यापाशी गेलं, मान तिरकी केली, आणि म्हणालं, "मान वाकडी केली की हायच की साहेब. न्हाई केली तरी हाय. पर तुमचा जरा ढळलाय." साहेबांनी हातानं काढलेली आकृती खरोखरच जरा कललेली होती. साहेब हसले नाहीत. शेरेबुकात त्यांनी 'व्याख्या पाठ करून घ्याव्यात' असं लिहिलं. अक्कांनी सही केली आणि पोराला विचारलं, "किती ढळलाय ते मोजलं न्हाईस?"

हे सगळं मी आता सांगतेय ते मजेचं वाटतंय. पण ज्या पेचामुळं अक्का माझ्या डोक्यातून जात नाहीत, तो वेगळाच होता.

आमच्या भागात रान मोजायची जुनी रीत आहे. चारी बाजू दोरीनं मोजायच्या. समोरासमोरच्या दोन बाजू मिळवून निम्मं करायचं, उरलेल्या दोन मिळवून निम्मं करायचं, आणि दोन्हींचा गुणाकार. झालं क्षेत्र. म्हातारी माणसं हे तोंडी करतात आणि ते चुकतं असं कुणालाच कधी वाटत नाही. चौथीतल्या एका पोरानं हे आजोबाकडून शिकून वर्गात सांगितलं. अक्का म्हणाल्या, "बरोबर हाय का बघू." त्यांनी तुराट्यांचे चार सारखे तुकडे केले, कोपरे सुतळीनं बांधले आणि ती चौकट फरशीवर ठेवली. आत चिंचोके भरायला सांगितले, एकाला एक लागून. मग चिंचोके काढले, चौकट एका बाजूला जराशी ढकलली, जुनी बाज ढळते तशी, आणि म्हणाल्या, "आता भरा."

तुराट्या त्याच, लांबी तीच, पण चिंचोके उरायला लागले. अजून ढकलली, अजून उरले. पार आडवी केली तर आत एकही बसेना. पोरांचे डोळे मोठे झाले. आजोबाची रीत सांगणाऱ्यानं तिन्ही वेळा गुणाकार केला, तिन्ही वेळा उत्तर तेच. तो रडकुंडीला आला.

भाग्यश्री मागं बसली होती. डावखुरी पोर, बोलायची कमी. ती म्हणाली, "बाई, आमचं रान ढळल्यालं हाय."

रस्ता अण्णांच्या रानापर्यंत सरळ येतो आणि बांधापाशी वळतो. मागचा ओढाही तसाच वळतो. त्यामुळं अण्णांचं रान चौकोनी आणि मल्लप्पाचं तिरकं. गाव ते रोज बघत होतं.

मी दारातच उभी होते. अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. 'मोजून बघ' हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ते आलं नाही. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तो विषय काढला नाही, दुसराच काहीतरी पेच दिला. त्या दोन दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही. रात्री जेवताना अण्णांना वाढत होत्या, नेहमीसारख्याच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोरीची पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, "विजया, वही घे. तू लिहून घे. माझ्या हातानं नको."

तूर निघून गेली होती, रान मोकळं होतं. चौदा पोरं, अक्का आणि मी. अण्णांच्या रानाच्या चारी बाजू दहा-दहा दोऱ्या. मिस्त्र्याच्या पोरानं बापाचा गुण्या आणला होता, कोपरे काटकोनात आहेत का ते बघायला. होते. शंभर गुंठे. मी लिहिलं. मग बांध ओलांडून मल्लप्पाचं रान. त्याच्याही चारी बाजू दहा-दहा. जुन्या रीतीनं शंभरच. वाटणीच्या वेळी पंचांनी हेच केलं होतं, आणि त्यात कुणाचीही लबाडी नव्हती. भाग्यश्री म्हणाली, "तिरक्या कडंनं मोजू नका. बांधापासून सरळ आडवं मोजा." गुण्या लावून सरळ मोजलं. सात दोऱ्या आणि सव्वीस फूट. म्हणजे आठालाही कमी. दहानं गुणलं तर अठ्ठ्याहत्तर गुंठे.

"बावीस कमी!" एक पोरगं ओरडलं. "अण्णांनी बावीस द्यायला पायजेत!"

भाग्यश्रीनं मातीत बसून चिंचोके मांडले, इकडचे काढून तिकडं टाकले. "बावीस दिल्यावर आमचे शंभर होत्यात आन् त्यांचे अठ्ठ्याहत्तर. मग ते रडतील. अकराच." पोरांनी पुन्हा मोजून बघितलं. इकडं एकोणनव्वद, तिकडं एकोणनव्वद.

"मग बांध कुठं यायला पायजे?" अक्कांनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

पोरांनी हिशोब केला आणि अण्णांच्या रानात छत्तीस फूट आत जाऊन, हातात हात धरून, रस्त्याच्या बाजूनं ओढ्याच्या दिशेला एका ओळीत उभी राहिली. नेमकं तेव्हाच अण्णा मोटारसायकलवरून आले. "काय खेळ चाललाय?" म्हणून हसत उतरले. ओळीतल्या पहिल्या पोरानं आनंदानं सांगितलं, "अण्णा, बांध हितं यायला पायजे!"

अण्णा आधी हसले. मग बायकोकडं बघितलं आणि हसायचे थांबले.

त्या संध्याकाळी माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"अकरा गुंठे मल्लप्पाचे हाईत."

"माझ्या बापानं पंचांसमोर वाटणी केल्याली हाय. दोन्हीकडं शंभर."

"गुणाकार बरोबर हाय. रान ढळल्यालं हाय."

"पोरीला मल्लप्पानं शिकवून पाठवलं. आन् तू त्याच्या नादानं नाचायलीस."

"पोरीला मी शिकवलंय," अक्का म्हणाल्या. "मल्लप्पाला भागाकारबी येत न्हाई."

अण्णा वाईट माणूस नव्हते. हे मी आजही म्हणते. अकरा गुंठ्यांनी त्यांचं काही जाणार नव्हतं. पण वडलांनी केलेली वाटणी चुकीची, ती आपल्या बायकोनं काढलेली, आणि ती गावासमोर पोरांनी ओरडून सांगितलेली, हे त्यांना गिळता येईना. ते मल्लप्पाच्या दारात जाऊन नको ते बोलून आले. मग मठाच्या आवारात पंच बसले.

मल्लप्पा हात जोडून उभा होता. मोजणीतलं त्याला आधी काहीच माहीत नव्हतं. अक्का म्हणाल्या, "आमच्याकडं अकरा गुंठे जास्ती हाईत. बांध हलवा. माझ्यावर भरवसा नसंल तर परत मोजा." एक म्हातारे पंच म्हणाले, "लेकरांच्या खेळावर बांध हलवायचा व्हय, महानंदा?" आणि मग माझ्याकडं वळून, "टीचर, आकडे तुम्ही लिहिलेत म्हणं. किती भरलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णाही. मी ज्यांच्या खोलीत राहत होते ते अण्णा. वही माझ्या पिशवीत होती, पिशवी मांडीवर होती. मी म्हणाले, "मी नुसती पोरांना सांभाळायला गेले होते. आकड्यांकडं माझं लक्ष नव्हतं."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली.

मग मल्लप्पाच बोलला. "वैनी, बस करा. मला रान नको. माझा भाऊ मला बोलंना झालाय. अकरा गुंठ्याला घेऊन काय करू मी?"

"परत मोजा," अक्का म्हणाल्या. "कुणीतरी उठा आन् मोजा."

कुणी उठलं नाही. मीही नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपला वाटेनासा होतो, तसं मला तेव्हा झालं, आणि ते पूर्ण उतरलं असं मला अजून वाटत नाही. नंतरचं मी सगळं बघितलं, पण लांबून बघितल्यासारखं.

आठवड्याभरात मल्लप्पानं पोरीला हुमनाबादला तिच्या मामाकडं पाठवायचं ठरवलं. घराघरात तिचं नाव निघायला लागलं होतं, एवढुशा पोरीनं भाऊ भाऊ तोडले म्हणून. दाखला घ्यायला बापासोबत ती शाळेत आली. जाताना वर्गाच्या दारात थांबली आणि म्हणाली, "बाई, मी चुकले का?"

मला वाटलं, अक्का आता म्हणतील, मोजून बघ. सहा वर्षं मी त्यांच्याकडून दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "बरोबर हाय. अकराच."

पोर गेली. अक्का वर्गात परत आल्या आणि दुसरीला त्रिकोण दिला. खडू दोनदा मोडला, एवढंच.

घरात अण्णांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही, बोलणंच नाही. पाणी हवं असलं तर सुनेला सांगायचं. मल्लप्पाचं नाव काढायचं नाही, त्याच्या गल्लीतून जायचं नाही. आणि अक्कांनी काय केलं, तर त्या रानाचं खाणं सोडलं. मला हे कळायला महिना लागला. घरात ज्वारीची पोती थप्पीला लागलेली, आणि अक्का बाजाराच्या दिवशी चिटगुप्प्याहून पिशवीभर ज्वारी आणायच्या. ती वेगळी दळायच्या, वेगळी भाकरी करायच्या. तूरडाळही बाजारची, घरच्या म्हशींचं दूध-ताकही बंद. सून म्हणाली, "अत्ती, लोक काय म्हणतील?" अक्का म्हणाल्या, "पोत्यात दुसऱ्याचं मिसळलंय. कुठलं दाणं कुणाचं, मला निवडता येईना." एवढंच. उपास नाही, व्रत नाही, कुणाला टोमणा नाही. स्वतःच्या पगाराची भाकरी खायची, भांडं घासायचं, आणि सगळ्यांना मात्र नेहमीसारखं वाढायचं. एकदा मी विचारलं, "अक्का, ह्यानं काय होणार?" म्हणाल्या, "मला काय ठावं."

मी त्यांच्याच घरात अजून तीन वर्षं राहिले. दुसरी खोली शोधायला हवी होती, शोधली नाही. अक्का मला पूर्वीसारखंच विजया म्हणायच्या, पूर्वीसारखाच चहा द्यायच्या. वहीबद्दल एक शब्द काढला नाही. त्या बोलल्या असत्या तर मी रडले तरी असते.

मग माझी बदली झाली, कमलापूरकडं. अक्का निवृत्त झाल्या. मी निरोपाच्या कार्यक्रमालाही गेले नाही, काहीतरी कारण सांगितलं.

ह्या वर्षी येळवशीच्या आधी भाग्यश्रीचा फोन आला. मोजणीला आता सात वर्षं झाली. ती पोर कॉलेजात जाते. म्हणाली, "टीचर, येळवशीला आमच्या रानात या. मोठी माय पण येणारंय." येळवस म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. त्या अमावास्येला गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, आणि भज्जी, उंडे, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबिल. रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाका मारून जेवायला बसवतात. तेवढी वर्षं अक्का त्या दिवशी घरी एकट्या राहायच्या. नवऱ्याच्या रानात जेवायचं नव्हतं, आणि दिराच्या रानात गेलं तर नवऱ्याला आणखी लागेल म्हणून तिथंही नाही. आता पोरीनं स्वतः येऊन हात धरला, तेव्हा त्या हो म्हणाल्या.

अक्का आणि मी गावातून चालतच निघालो. त्या वाकल्या होत्या, पावलं लहान पडत होती. ओठ हलत होते, मोजत असाव्यात. ज्वारी कमरेच्या वर आली होती. अर्ध्या वाटेत मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी वही माझ्या पिशवीतच होती."

"दिसलेली मला," त्या म्हणाल्या, आणि मोजत पुढं चालायला लागल्या.

मला वाटलं होतं हे बोलल्यावर काहीतरी हलकं होईल. झालं नाही.

मल्लप्पाची कोप बांधापासून पंधरा-वीस पावलांवर होती. बांधापलीकडं अण्णांची. दोन्हीकडं धूर, दोन्हीकडं माणसं, आणि एकमेकांकडं न बघायची सात वर्षांची सवय. बांध होता तिथंच होता, त्यावर गवत माजलं होतं. भाग्यश्रीनं अक्कांना घोंगडीवर बसवलं, पान मांडलं. मल्लप्पा वैनीसमोर जास्त बोलत नव्हता, उगाच कोपेतलं सामान इकडचं तिकडं करत होता.

अक्कांनी पहिला घास घेतला असेल नसेल, तेवढ्यात पलीकडून अण्णा येताना दिसले. हातात स्टीलचा मोठा पेला, तो सांडू नये म्हणून सावकाश. बांधावर येऊन उभे राहिले. पुढं पाऊल टाकलं नाही. सात वर्षांनी बायकोशी बोलायचं तर माणूस काय बोलणार? त्यांनी पेला पुढं केला आणि म्हणाले, "आंबिल हाय."

अक्का उठल्या, गुडघ्यावर हात देत. बांधापाशी गेल्या. पेल्यात बघितलं. मला वाटलं आता त्या नको म्हणतील, आणि तसं झालं असतं तरी मी नुसती बघत बसले असते.

"जवारी कुठली?" त्यांनी विचारलं.

"बाजारची. चिटगुप्प्याहून आणली."

"आन् ताक?"

मी अण्णांकडं बघितलं. त्यांच्या म्हशी त्या बांधावरच, त्या अकरा गुंठ्यांच्या गवतावर चरतात, हे सगळ्यांना माहीत. म्हातारीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. अण्णांनी मान खाली घातली.

"मल्लप्पाकडचं," ते म्हणाले. "सकाळी त्याच्या दारात जाऊन मागून आणलं."

अक्कांनी वळून दिराकडं बघितलं. मल्लप्पा सूप हातात घेऊन उभा होता. त्यानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं नुसती मान हलवली, व्हय म्हणून.

"बसा," अक्का नवऱ्याला म्हणाल्या.

अण्णांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि बांधावरच बसले. अक्कांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि न थांबता सगळी आंबिल प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं.

"लई आंबवलंय," त्या म्हणाल्या, आणि रिकामा पेला पुन्हा अण्णांसमोर धरला.